पाणी सोडलं का?

...हसू नका हो! माझी नोकरी गेलीय, आणि तुम्ही कारण ऐकून दात काढताय! या वयात दुसरं काम देतो कोण?

तुम्हाला सांगतो, बंगला कसला, गावच ते! राहणार कोण, तर दोघं नवरा-बायको, तेही वर्षातून आठवडाभर. आणि बाथरूमं? मोजायला गेलो आणि चुकून कपाटात शिरलो! कपाट म्हणजे माझ्या घराएवढी खोली, आत नुसते बूट!

आता कुणी वापरलंच नाही तर पाइपातलं पाणी आटतं आणि गटाराचा वास वर येतो. श्रीमंताच्या गटारालाही वास गटाराचाच बरं का! म्हणून मला ठेवला. रोज प्रत्येक बाथरूममध्ये जायचं, नळ सोडायचा, फ्लश दाबायचा, पुढं सरकायचं. की जिन्याखालून मॅनेजर, नाकातून, "पाणी सोडलं काऽऽ?" सोडलं साहेब!

आणि मला लागली तर? तर अख्खी बाग तुडवत फाटकाशी, वॉचमनच्या संडासात! म्हटलं, साहेब, गुडघे दुखतात, एखादं बाथरूम आम्हाला... तर म्हणतो कसा, "ही वापरायची नाहीत हो, ही ठेवायची आहेत." मग मी रोज काय करत होतो? वापरल्याचं नाटक!

परवा पोट बिघडलं. फाटक गाठणं शक्यच नव्हतं, तुमची शपथ! शिरलो हिरव्या दगडाच्या बाथरूममध्ये. काय सांगू... जन्मात पहिल्यांदा निवांत बसलो. बाहेर रांग नाही, दारावर थाप नाही, "काका, आटपा की" नाही... डोळे भरून आले हो! आणि तेवढ्यात गाडीचा हॉर्न. मालकीणबाई, न कळवता! खालून मॅनेजर बोंबलला, "पाणी सोडलं काऽऽ?" मी सवयीनं ओरडलो, "सोडलं साहेब!" आणि पळालो.

सोडलं नव्हतं!

रिकाम्या संडासांत रोज पाणी सोडणारा मी, आणि जिथं खरंच सोडायचं तिथंच विसरलो! बरं, एवढी बाथरूमं असताना बाई शिरल्या कुठं? हिरव्यातच!

माझ्याशी बोलल्यासुद्धा नाहीत. मॅनेजरला म्हणाल्या, "हे सगळं फोडून नवीन करा." फोडून! अहो, माणूस बसला म्हणून भिंती फोडल्या! तेही हसण्यासारखंच का?

आज सकाळी आमच्या गल्लीतल्या संडासाच्या रांगेत उभा राहिलो. नंबर लागला, बसलो, उठलो, नळ फिरवला... कोरडा ठणठणीत! आणि बाहेरून थाप, "काका, पाणी सोडलं का?"

म्हटलं, सोडलं बाबा... नोकरीवर.