शपथ संपेपर्यंत

[रामदासपेठ. शरीरक्रियाशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक डॉ. सुमती यांचा दिवाणखाना. समोर हिंगण्याच्या एका कारखान्याचा सुरक्षा अधिकारी अंकित आणि तिथल्या कामगाराची, सुशीलची, बायको पुष्पलता.]

सुमती : म्हणजे कंपनीला माझं मत नको आहे, सुशीलला मिरगी आहे यावर शिक्का हवा आहे.

अंकित : तसं नाही मॅडम. सुशीलले झटके आले, सगळ्यायनं पाह्यलं. उद्या प्रेस मशीनमध्ये हात गेला तर? त्याच्याच भल्यासाठी मशीनवरून काढून राहिलो.

पुष्पलता : मशीनवरून नाही भाऊ, नोकरीवरून. सरळ सांगा न बाईले.

सुमती : झटक्यांपूर्वी तो काय करत होता?

अंकित : सुरक्षा सप्ताहाची शपथ होती. सगळे मैदानात, उन्हात सावधानमध्ये उभे. डायरेक्टर साहेबांले यायले जरा टाइम लागला.

पुष्पलता : हललं तर व्हिडिओ खराब होते, असं सांगतलं होतं.

सुमती : सुरक्षेसाठी, उन्हात, पुतळ्यासारखं. उत्तम! ऐका. उभ्या माणसाचं रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या धमन्यांना दाब घटल्याचं तत्क्षणी कळतं, मेंदूच्या बुडाशी निरोप जातो, हृदय वेग वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतात. हा कारभार ठोक्याठोक्याला चालतो; तुमच्या डायरेक्टरांहून बराच वक्तशीर. त्याला पोटऱ्यांची हालचाल मदत करते, ती तुम्ही बंद केलीत. उन्हाने कातडीतल्या वाहिन्या सैल पडल्या. अखेर सगळा तोल सुटतो, हृदयच मंदावतं आणि माणूस कोसळतो.

अंकित : तेच म्हणतो मॅडम, कमजोरी होतीच.

सुमती : कोसळणं हा त्याचा दोष नव्हे. आडवं होताच मेंदूला रक्त मिळतं. शरीराचा शेवटचा शहाणपणा तो. व्हिडिओ दाखवा.

अंकित : हे पाहा. इथं हातपाय कसे...

सुमती : त्याआधीचं. अजून मागे. थांबा! मान कलली आहे, गुडघे वाकले आहेत. मग हा पडला का नाही?

अंकित : धरलं न त्याले.

सुमती : दोघांनी, बगलेत हात घालून. मेंदूत रक्त पोचत नव्हतं आणि तुम्ही त्याला शपथ संपेपर्यंत उभं ठेवलंत. झटके त्यानंतर सुरू झाले. खाली निजवल्यावर काय झालं?

पुष्पलता : लगेच डोये उघडले म्हणे. शपथ झाली काय, असं इचारलं.

सुमती : मिरगीच्या अशा झटक्यानंतर माणूस बराच वेळ भांबावलेला असतो. हा कार्यक्रमाची चौकशी करतो! मी लिहून देते : झटके उभं धरल्यामुळे आले, मिरगीचा पुरावा नाही. धरणाऱ्यांची नावंही लिहीन. डावीकडचा पाठमोरा आहे. आणि हा उजवीकडचा?

अंकित : मी आहे मॅडम. माणूस पडत असला तर धरत नाही काय? अन् समोरून साहेब पाहून राहिले होते.

सुमती : या दोहोंतलं खरं कारण कोणतं, ते तुम्हीच ठरवा.

अंकित : माही नोकरी जाईल.

सुमती : त्याची घालवायला आलात तेव्हा आवाज असा कापत नव्हता.

पुष्पलता : लिहा बाई. याच भाऊनं घरी येऊन सांगतलं होतं, "वहिनी, आमी त्याले पडू नाही देल्लं." मी हात जोडले होते या भाऊले.