लीडर सगळ्यात शेवटी

...आणि पुन्हा वाटाणे! गार, उकडलेले, भांड्याच्या तळाशी उरलेले वाटाणे! नाही, तुम्हीच सांगा, शाळेच्या कॅडेटांचं शिबिर, अलाबामातला जून, पहाटे पाचला उठवतात, चादर इतकी ताणायची की नाणं टाकलं तर उडालं पाहिजे, मग दोन मैल पळवतात, आणि ताटात काय, तर वाटाणे! का? तर मी तुकडीची लीडर! आमचे मेब्री सर, सैन्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी झोपेतसुद्धा ताठ असणार, त्यांचं एकच पालुपद, "कॅडेट प्रुइट, लीडर शेवटी जेवतो." चार दिवस मी पीच कॉब्लरचा, त्या पीच घातलेल्या गरमागरम गोड पदार्थाचा, नुसता वास घेतेय हो! माझी पाळी येईपर्यंत ट्रे चाटूनपुसून साफ. पण ठरवलं म्हणजे ठरवलं, यंदा आमच्या झेंड्याला निळी फीत लागणार! गेल्या वर्षी नाही लागली, तर शाळेत वर्षभर... जाऊ दे, तो विषय नको.

आता ही फीत मिळते कशी? चाळीस फुटी मनोरा, आठच्या आठ जणांनी दोराने खाली उतरायचं. एक जरी अडला तरी फीत गेली. आणि आमच्यात लेथम! सहा फूट उंच, फुटबॉल खेळतो, अन् स्टुलावर चढवला तरी घामाघूम! सोमवारी मला म्हणतो, "लीडर, मी खालून टाळ्या वाजवतो ना." टाळ्या! पण ठरवलं म्हणजे ठरवलं. त्याला आधी मैदानाच्या पायऱ्यांवरून उतरवला, मग ट्रकच्या टपावरून, आणि माझा आपला जप चालूच... खाली बघायचं नाही, दोरावर विश्वास ठेव, मागे रेल, पाय टाक! शुक्रवारी, तुम्हाला सांगते, उतरला! डोळे मिटून, आईला हाका मारत, पण उतरला. वर उभी राहून मी रडले, खोटं कशाला सांगू.

तर मेब्री सर वळले माझ्याकडे. "प्रुइट, लीडर शेवटी."

अहो, हे जेवणापुरतं होतं ना? चार दिवस दुसऱ्याला शिकवण्याच्या नादात मी स्वतः कधी उतरलेच नव्हते! काठावर पाठमोरी उभी राहिले आणि पाय... पाय ऐकेनातच! सहा जणांना सरांनी जेवायला पाठवून दिलं तरी मी आपली वरच. खाली दोर धरून कोण, तर नियमाने जो आपल्या लगेच आधी उतरला तो. म्हणजे लेथम!

अर्ध्या तासाने खालून शांत आवाज आला, "लीडर, खाली बघायचं नाही. दोर माझ्या हातात आहे. मागे रेल."

माझीच वाक्यं, माझ्याच सुरात, मेला! आता सांगा, मागे फिरायला तोंड होतं का मला? ठरवलं म्हणजे ठरवलं... रेलले! आणि उतरले. आईला हाका मारल्या की नाही ते विचारू नका.

फीत मिळाली हो! निळीशार! ती झेंड्याला बांधून आम्ही दोघं पळत जेवायला गेलो, तर ट्रेमध्ये कॉब्लरचा एकच तुकडा, अगदी कोपऱ्यातला, खरपूस. लेथमने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. आणि माझ्याच तोंडून गेलं ना... "घे बाबा, लीडर शेवटी."

तर त्याने एकदाही 'तू घे' म्हटलं नाही. शिस्तीचा पक्का झालाय आता. मीच शिकवलंय.

द्या... वाटाणे द्या.