वलय मलाही दिसतं

आता काळा म्हणजे काळा, त्यात बघायचंय काय एवढं, तुम्हीच सांगा! पण नाही... आमचे हे टीव्हीच्या दुकानात पाऊण तास उभे, हाताची घडी, मान वाकडी, आणि त्या सेल्समनला म्हणतात काय, "हा काळा कच्चा आहे." ऐकलंय कधी? रस्ता कच्चा असतो, लिखाण कच्चं असतं, काळा कच्चा असतो का हो? पण मला काय कळतंय म्हणा!

थांबा, आधी हे सांगायला हवं की आमच्या ह्यांनी अडतीस वर्षं एकाच दुकानात रंग मिसळलेत. माप नाही, मशीन नाही, नुसती नजर! तुम्ही उशीचा अभ्रा घेऊन जा, फुटक्या कपाचा तुकडा घेऊन जा, हे दोन थेंब याचे घालणार, अर्धा थेंब त्याचा, काठीनं ढवळणार, की झाला तोच रंग तयार. गावभर ह्यांना रंगमास्तर म्हणतात. त्यामुळे घरातही तेच हो! चहा दिला की, "आज एक शेड फिका आहे." मी साडी बदलून आले की, "कालच्यापेक्षा अर्धा थेंब लाल." बरं, साडी छान आहे की नाही, ते कधी सांगतील तर शपथ.

पण गेल्या वर्षभरात काहीतरी बिनसलं. आमच्या समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यासाठी पांढरा मागितला, अगदी शुभ्र. ह्यांनी दिला. भिंतीला लागला तर निळा! बाई माझ्याकडे येऊन म्हणतात, "काकू, पेशंट आत येतो तो चांगला धडधाकट असतो, माझ्या भिंतीपुढे बसला की गार पडलेला दिसतो हो!" हे म्हणे, त्यांच्या ट्यूबलाइटचा दोष. मग एका शाळेचा जिना निळा निघाला, मग कुणाची तरी बाल्कनी. शेवटी मालकांनी रंग मिसळायचं मशीन आणलं आणि ह्यांना म्हणाले, अगदी साखर पेरून, "मास्तर, तुम्ही आता नुसती देखरेख करा." देखरेख! त्या दिवशी हे जेवले नाहीत. "माझी नजर गेली, असं म्हणायचंय त्यांना," एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मला फार वाईट वाटलं, खरं सांगते. या माणसाची नजर गेली तर राहिलं काय त्याच्याजवळ?

आणि नेमका त्याच आठवड्यात घरातला जुना टीव्ही बंद पडला! ह्यांना तर बरंच झालं. "चल, मी निवडतो. नजर गेली म्हणतात काय!" आणि आम्ही दुकानात.

तर तो सेल्समन बिचारा गोड बोलणारा. "सर, हा ओएलईडी. याचा एकेक ठिपका आपला आपण पेटतो, आपला आपण विझतो. विझला की काळोख म्हणजे काळोख! आणि हा शेजारचा क्यूएलईडी, याला मागून दिवे असतात, त्यामुळे लखलखाट जास्त, भर दुपारीसुद्धा मस्त दिसतो, पण काळ्या भागात उजेड जरासा झिरपतो." दोन्हींवर चित्र एकच. काळं आकाश आणि मधोमध चंद्र. "बघा मॅडम, क्यूएलईडीत चंद्राभोवती वलय दिसेल, ओएलईडीत नाही." मी बघितलं... खरंच की हो! मला कळलं म्हणजे बघा!

हे म्हणाले, "दोन्हीकडे वलय आहे."

"सर, ओएलईडीत ते येऊच शकत नाही."

"मला शिकवता? हे काय, एवढं मोठं! आणि पांढरा दोन्हीकडे पिवळट. निळा वाढवा... अजून... अजून!" त्यानं वाढवला. पडद्यावर कुणीतरी नटी होती, ती अशी निळी पडली की मला वाटलं, आता हिला अँब्युलन्सच बोलवावी! आणि हे खूश, म्हणाले, "हां, आता कुठे माणसात आली!" मला समोरच्या दवाखान्याची भिंत आठवली. पण मला काय कळतंय म्हणा!

मग ह्यांनी बोट वर केलं. छताला एक साधा बल्ब होता. म्हणाले, "टीव्हीचं सोडा, तुमच्या बल्बलासुद्धा वलय आहे."

अहो, बल्बला कुठलं आलंय ओएलईडी न् क्यूएलईडी! सेल्समन माझ्याकडे बघतोय, मी सेल्समनकडे बघतेय, त्यालाही कळलं, मलाही कळलं. तो काहीतरी बोलणार तोच मी म्हणाले, "हो की! मलाही दिसतंय. चांगलं थाळीएवढं आहे!" खोटं बोलले, चक्क खोटं! मग काय करू? आधीच दुकानातून बाजूला बसवलेला माणूस, त्याला परक्या माणसानं भर दुकानात सांगायचं, की तुमचेच डोळे गेलेत?

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "अहो, बल्बला वलय दिसतं म्हणजे माझ्या डोळ्यांचंच काहीतरी असणार, मला बाई भीती वाटते. आधी तुम्ही डोळे दाखवा, मग मी दाखवते." लगेच छाती पुढे! "घाबरतेस काय एवढी? चल!" डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारली न मारली तोच म्हणाले, "काका, मोतीबिंदू. दोन्हीकडे, आणि चांगले पिकलेत. वर्षभर तुम्ही पिवळ्या काचेतून बघताय." त्या गडबडीत माझे डोळे तपासायचे राहिले ते राहिलेच. घराच्या दाराशी आल्यावर हे म्हणाले, "म्हणजे तो दवाखाना निळा आहे?"

"आहे."

"फार?"

"आहे बऱ्यापैकी."

रडले हो. मी आपली हात धरून उभी राहिले.

पण एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि काय सांगू तुम्हाला! दिवसभर एकच खेळ, एक डोळा झाकायचा, "हा ओएलईडी", दुसरा झाकायचा, "हा आपला जुना डबा." डॉक्टरांनी परवानगी दिल्याबरोबर एका रविवारी स्वतः जाऊन दवाखाना पुन्हा रंगवून दिला. बाई म्हणाल्या, "काका, माझे पेशंट जिवंत झाले!" मालक घरी येऊन गेले. आता मिसळायचं मशीननं, पण पास करायचं मास्तरांनी. मग दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, आणि काल टीव्ही घेतला, अर्ध्या मिनिटात! "हा," म्हणाले ओएलईडीकडे बोट दाखवून, "हा काळा पिकलाय." सेल्समननं हात जोडले.

मला वाटलं, सुटले. तेवढ्यात ह्यांनी वर बल्बकडे बघितलं. "वलय गेलं बघ." मग माझ्याकडे बघितलं. "तुझं मात्र राहिलंच की!"

"माझं काय?"

"तुलाही दिसत होतं ना? थाळीएवढं?"

आता काय सांगू? खोटं बोलले म्हणून सांगावं, तर त्या दिवशी दुकानात सगळ्यांना कळलं होतं, फक्त ह्यांनाच नाही, हे ह्यांना कळणार! मान डोलावली झालं. ह्यांनी माझा नंबरसुद्धा लावलाय, उद्या साडेदहाचा. वर म्हणतात, "घाबरू नकोस, मी आहे ना." जाते बाई. डॉक्टर विचारतील, "काकू, तुम्हाला काय त्रास?" सांगेन, चाळीस वर्षं झाली, ह्यांना जे दिसतं ते मलाही दिसतं. आता यावर काही ऑपरेशन असेल तर असेल... मला काय कळतंय म्हणा!