दहाची मालीत्सा

...आणि त्याला माझी नात जेवण म्हणते! चार पानं, दोन बिया, वर लिंबू! अहो, एकतीस वर्षं मी क्रान्यच्या कापडगिरणीच्या खानावळीत ओगराळं फिरवलंय. सहाशे माणसांची दहाची मालीत्सा, म्हणजे कामाच्या मध्ये सगळ्यांनी मिळून खायचं गरम खाणं! सहाला पाळीवर आलेल्याला दहाला गरम पाहिजे म्हणजे पाहिजे! माझ्या आईच्या काळी तेवढंही नव्हतं. पहाटे कुट्टूच्या पिठाची उकड, वाडगा एक, चमचे आठ... पण खायचे सगळे एकत्र!

आता गिरणी गेली, तिथं कॉम्प्युटरवाले बसतात, आणि त्यांत माझी नात ब्रीना. पोरगी वाळत चाललीय, तुम्हाला सांगते! म्हटलं, "दहाला खातेस कुणाबरोबर गं?"

"कुणाबरोबर म्हणजे, आजी?"

कुणाबरोबर म्हणजे! ऐकलंत?

मंगळवारी उठले, पातेलंभर रिचेत केलं... जव, राजमा, धुरावलेलं डुकराचं मांस... आणि ढकलगाडीवर घालून थेट तिथं. दारावरचा गडी गुरगुरला, "बाई, पास?" झाकण उघडलं. सोडलं त्यानं... आणि मागोमाग आलासुद्धा!

आत स्मशानशांतता. प्रत्येकाच्या कानांत बोळे, प्रत्येकाचा डबा वेगळा! ब्रीना लालेलाल. "आजी, हळू, लोक काम करतायत!" हळू? मी? दहाला गरम पाहिजे म्हणजे पाहिजे! ओगराळं आपटलं पातेल्यावर, "चला, रांग लावा!"

लागली हो रांग! आणि रांगेत आमची ब्रीना मागच्याला विचारते, "तुझं नाव काय रे?" वर्षभर तो तिच्या पाठीला पाठ लावून बसतो! "येर्नेय," म्हणाला. हसली दोघं. माझ्या डोळ्यांत पाणी... वाफ हो, वाफ!

पातेलं साफ. अकराला बघते तर काय, चौदा जण टेबलावर माना टाकून घोरतायत! साहेबसुद्धा! दचकून उठला, हनुवटीला जव तसाच. "आजी, चव काय ती! पण पुढच्या वेळी... शुक्रवारी अडीचला आणाल? काम संपल्यावर?"

काम संपल्यावर मालीत्सा! दहाला गरम पाहिजे म्हणजे... पण ऐकतो कोण?

जाते आता मुकाट्यानं. शुक्रवारी, अडीचला. आणि पातेली नेते दोन. कारण तो येर्नेय, त्या दिवशी तीन वाडगे हाणले मेल्यानं, तो म्हणे शाकाहारी आहे!