फळी कोण हलवणार

हॅलो?… हॅलो… कोण, छोटी? अगं, मोठ्याने बोल, मागे इंजिनाचा आवाज येतोय.

हं, आता येतंय ऐकू. पोचली का बस?… मग सोड्याच्या यंत्राचं सांग आधी. चाललं ना?… भाऊजी, भाऊजी काय करतेस, चाललं का नाही ते सांग.

पहिल्याच वळणावर?… फेस? किती फेस?… अगं, नळातून का झाकणातून, नीट सांग ना… सगळा? कुणा आजोबांच्या मांडीवर? अरे देवा. मग काय म्हणाले ते?… हसले? बरे निघाले बिचारे. आणि तू?… म्हणजे प्रवाशांना सोडा आणि तुला आंघोळ.

नाही, हसत नाहीये मी. बोल.

हो… हो… साहेब पण होते गाडीत?… काय, परत बाटल्यांची ट्रॉली? अगं, म्हणून तर हे केलं ना! चालत्या बसमध्ये तुम्ही पोरी एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने ती ट्रॉली ढकलत… तुझा खांदा त्यानेच गेला. मागच्या एका सीटच्या जागेत सगळं बसवलं मी. पिंप, गॅसचं नळकांडं, सोडा गार करायची नळी. नळ दाबला की ग्लास भरला. आणि ते म्हणतात ट्रॉली!

शुक्रवारी शेवटची संधी… आणि नाही जमलं तर?… काढून टाकणार. कायमचं.

हं. कळलं.

नाही गं, पिंपात काही दोष नाही. ती गोळी अडकली असणार, नळीतली. गाडी कलली की ती घरंगळत येऊन तोंड बंद करते, म्हणजे फेस वर येत नाही. नवीन बसवली ना, तुझी ताई गेल्यानंतर… हो, इथे घरच्या दुसऱ्या यंत्रात तशीच चालत होती. रोज चालत होती. ओट्यावर थेंब सांडत नव्हता.

काय?

चाचणी घेतली ना. घेतली म्हटलं ना एकदा.

त्या हलत्या फळीवर कशाला, ओट्यावरच… छोटे, ऐक ना… अगं, ऐक… हो, ओट्यावर ठेवूनच. ओटा हलत नाही, मला माहीत आहे. मला शिकवू नकोस.

एकट्याने कसं घेणार? एकाने फळी हलवायची, एकाने नळाशी उभं राहायचं. दोन माणसांचं काम आहे ते. तू पाहिलंयस ना, ताई स्टुलावर बसायची, मांडीवर मटारचं ताट आणि एक पाय फळीवर. खाली खाटेच्या जुन्या स्प्रिंगा, जरा पाय दाबला की यंत्रासकट सगळं डुलायचं. वर तोंडाने कंडक्टर. पुढे सरका, पुढे सरका, दारात उभे राहू नका!… हो, हो, आणि तिकीट काढलंय का? मलाच! मी अंगभर सोडा घेऊन उभा, आणि हिला तिकीट पाहिजे…

फळीला मोटर लावून पाहिली होती. मोटर एका तालात हलते गं, पाळण्यासारखी. रस्ता तसा नसतो. ती हलवायची तसा असतो.

शेजाऱ्यांना नाही बोलवायचं मला… नाही म्हटलं ना… तू पण नको. राग मानू नकोस. आणि त्या फळीवर मी सामान ठेवलंय… असंच. लोखंडाचे तुकडे, जुन्या बॅटऱ्या… अगं, हलू नये म्हणून! येता-जाता धक्का लागला की ती करकरायची आणि मी मान वर न करता विचारायचो, "झाले का मटार?" दोन-तीनदा झालं असं. मग ठेवलं वजन.

रडू नकोस. तू रडलीस तर मी काय करू, सांग बघू.

जेवलो… जेवलो म्हटलं ना… उभाच आहे, हो. बसू कुठे? इथे बसायला तिचं स्टूल सोडून काही नाही… नाही बसलो अजून त्यावर… बरं बाई, ओरडू नकोस. बसतो. हे बघ, बसलो.

हं.

…

छोटे.

इथून नळाची जागाच दिसत नाही गं.

नाही ना! तो बुटका फ्रिज आड येतो. नळ नाही, ग्लास नाही, काहीच नाही… मला वाटायचं ती ग्लासाकडे बघून हलवते. मला वाटलं आता भरला, आता काही सांडत नाही, की बरोबर तेव्हाच फळीला झटका देऊन ब्रेक मारायची. दरवेळी. मी म्हणायचो, मटार सोलता सोलता तुझं इकडे लक्ष असतं तरी कसं…

इथून फक्त उभ्या माणसाचं तोंड दिसतं.

माझं, हो. दुसरं कोण उभं राहायचं तिथे… मी जरा निर्धास्त झालो की ब्रेक. तोंडावरून कळायचं तिला. इतकी वर्षं ती माझ्याकडे बघत बसलेली, आणि मी त्या नळाकडे.

छोटे, उद्या सुट्टी ना तुला?… मग सकाळी येशील?… नाही, फळी नको, फळी मी हलवणार. तू नळाशी उभी राहा. गाडीत ग्लास तूच भरतेस ना, मग… हो, इथेच बसणार, स्टुलावर. सामान काढतो मी आत्ता… अगं, उचलेन हळूहळू, मीच ठेवलंय ना… कंडक्टर? नाही गं, ते नाही जमायचं मला. नुसतं हलवेन.

जुने कपडे घालून ये… काय?… नाही. कधी ब्रेक मारणार ते नाही सांगायचं. मी तुझ्या तोंडाकडे बघेन, कळेल मला… हो… हो… ठेवतो.