खुर्च्यांची अदलाबदल

दातांच्या दवाखान्यात ठणकती दाढ धरून बसलेला शिंपी शेजारच्या आजोबा-नातीचं बोलणं ऐकत होता. आजोबांचं पेन्सिलचं चित्र नातीने स्कॅन करून टॅबवर घेतलं होतं. त्यातलं जेवणाचं टेबल असं उतरतं होतं, की त्यावरचा चहा थेट शिंप्याच्या मांडीवर यावा.

“आजोबा, टेबल मागे निमुळतं व्हायला हवं. तुमचं रुंद झालंय.”

“मागे तुझी आजी बसलीय. तिच्याच वाढदिवसाचं चित्र, आणि तिलाच जागा नको?”

“लांबचं माणूस लहान दिसतं. हे बघा, केलं सरळ.”

“टेबल झकास. पण खुर्चीवर ही चिमणी कुठून आणून बसवलीस?”

“आजी आहे ती.”

“हे भिंतीवर लागलं तर मला अंगणात झोपावं लागेल.”

“मग परत वाकडं करू?”

“नको गं, कप घसरतात. आमच्या खुर्च्या बदल. ती पुढे, मी मागे.”

“मग तुम्ही एवढेसे व्हाल.”

“होऊ दे. सवय आहे.”

नातीने बोटाने दोघांच्या खुर्च्या बदलल्या. शिंप्याला हसू फुटलं आणि दाढेतून कळ गेली.

एवढ्यात आतून आजी गाल धरून आल्या. चष्मा चढवून त्यांनी चित्र नीट निरखलं.

“तुम्ही काढलंत?”

“दोघांनी मिळून.”

“हुबेहूब आलंय हो. अगदी आपल्या घरासारखं.”