मीठ तोललं होतंस?

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य पुष्कर सर, व्यासपीठावरील मान्यवर, रोहेकर मंडळी, पेणहून आलेले माझे आईबाबा, आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या जीवशास्त्राच्या विमल मॅडम,

मी किमया, मॅडमची जुनी विद्यार्थिनी. त्यांचं कौतुक बाकीचे करतीलच. मी माझी एक चूक सांगायला उभी आहे.

पुण्यात माझं संशोधन रिसेप्टर टायरोसिन कायनेज जनुकांवर चालतं. घाबरू नका! पेशीच्या अंगावर काही प्रथिनं असतात, ती बाहेरचा निरोप आत पोचवतात. त्यांची ही जनुकं. सगळी एकाच घराण्यातली, तोंडावळा सारखा. त्यातलं एक उंदराच्या मेंदूत नेमकं कुठे चालू असतं, ते मी शोधत होते. मेंदूच्या पातळ कापावर त्या जनुकाची रंगीत खूण चिकटवायची आणि मिठाच्या पाण्याने धुवायची. पाण्यात मीठ जास्त झालं, तर खूण त्याच्या भावंडांनाही धरून बसते.

वर्षभराच्या खटपटीनंतर काप निळाभोर दिसला. अख्खा मेंदू! शोधनिबंध सोमवारी छापायला जायचा होता. आमच्या गावात तर माझ्या फोटोचा फ्लेक्सही लागला. मी मॅडमना कापाचा फोटो पाठवला. त्यांनी एवढंच विचारलं, "किमया, मीठ तोललं होतंस?"

नव्हतं तोललं. मिठागरावरच्या पोरीला मिठाला काटा कशाला? अंदाजाने घातलं होतं.

फोनवरच मला रडू फुटलं. "मॅडम, बाबा फ्लेक्सखाली उभे राहून फोटो काढून घेतायत. त्यांना कसं सांगू?"

"मी सांगते," म्हणाल्या, आणि तडक पेणची गाडी पकडली.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "आमच्याकडं काट्याबिगर एक गोण नाय सुटत, मॅडम. आणि हिनं?" मग फोनवर मला म्हणाले, "रडतेस कशाला गो? तोल नि परत धू." फ्लेक्स त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवला.

तोलून धुतलं. निळाई गेली, एक बारीक पट्टी उरली, आठवणी साठतात त्या भागात. तेवढीच खरी होती. गेल्या महिन्यात तीच छापून आली.

मॅडम, त्या दिवशी तुम्ही नुसतं "शाब्बास" म्हणाला असतात, तर आज मी खोटेपणावर उभी असते. तुमचे आभार कसे मानू?

संयोजकांची आणि आपल्या सर्वांची मी ऋणी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लेक समजून पोटात घाला.

आणि हो, परवा मी बाबांना विचारलं, आता नवा फ्लेक्स लावायचा? म्हणाले, "कशाला? जुना मिठाच्या राशीवर टाकलाय. रास कोरडी हाय."